पाठ टेकायचा दगड

शुक्रवारी दिवस कलला की आमचा घाणा थांबायचा. आठवडाभर त्याची कुरकुर अंगात इतकी मुरलेली असायची, की ती बंद पडली म्हणजे कानांत दडे बसल्यासारखं व्हायचं. आबा बैलाच्या डोळ्यांवरची झापडं सोडायचे, डोळ्यांच्या कडांना बोटानं तेल लावायचे आणि "जा बाबा, तुझा पण शब्बाथ" म्हणून त्याला गोठ्यात बांधायचे. तोवर आई चुलीवरचं सगळं उतरवून ठेवायची. नारळाच्या दुधातली कोंबडी, कारण मटणाकोंबडीला आमच्यात गाईम्हशीचं दूध लावत नाहीत. दुसऱ्या दिवसापुरता भात. आणि सकाळपासून भिजत घातलेल्या काळ्या मनुका कुस्करून, फडक्यातनं गाळून केलेलं सरबत. आता तासगावात बेदाणा ढिगानं पडतो, तेव्हा ती पावशेर मनुका वाण्याकडून कागदाच्या पुडीत यायची आणि माझी बहीण लेआ त्यातल्या चार-पाच हमखास लंपास करायची. त्या सरबतावर आबा डोकं झाकून आशीर्वाद म्हणायचे, आम्ही एकेक घोट घ्यायचो. त्यानंतर दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत घरात विस्तव नाही, घाणा नाही, तराजूला हात नाही.

गावातले बाकीचे तेली सोमवारी घाणा बंद ठेवायचे. आम्ही शनिवारी, म्हणजे शब्बाथला, ठेवायचो, म्हणून आम्ही शनवार तेली. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे यहुदी, माझा पणजा कोकणातनं घाट चढून वर आला, हे गावात दोन-चार म्हाताऱ्यांनाच नीट ठाऊक होतं. बाकीच्यांचा समज एकच, की या घराला शनी कडक आहे म्हणून हे बिचारे त्या दिवशी घाबरून घरात बसतात. आबांनी तो समज कधी खोडला नाही. "कुणाकुणाला सांगत बसू? एकाला सांगितलं तर दहा जण विचारायला येतील, आणि तेल कुणीच घेणार नाही." आमच्या चौकटीवर पत्र्याच्या बारीक नळीत मेजुजा ठोकलेली होती, आत देवाचं वचन. तिलाही लोक शनीचा ताईत म्हणायचे.

घाणा चालवणं म्हणजे काय, हे आता कुणाला सांगून कळायचं नाही. बैल गोल फिरतो, आणि दाब बसावा म्हणून आडव्या फळीवर वजन लागतं. ते वजन मी. चौथीत नापास झालो त्या दिवशी आबांनी मला फळीवर बसवलं, तो मी सतरा वर्षांचा होईपर्यंत उतरलोच नाही म्हणा. समोर बैलाचं ढुंगण, डावीकडं उखळात शेंगदाणा दळत चाललेला, उजवीकडं भिंत, मग दार, मग भिंत, मग दार. दार समोर यायचं तेवढ्यात रस्त्यावरचं काय ते बघून घ्यायचं. एखादी बाई डोक्यावर हारा घेऊन चाललेली दिसायची; पुढच्या फेऱ्याला ती गेलेली असायची. बैलाला तरी झापडं होती. मला सगळं दिसायचं आणि जाता कुठंच यायचं नाही. आणि एवढं करून शनिवार आला, की पुन्हा घरातच. सहा दिवस घाण्याला जुंपलेला आणि सातव्या दिवशी देवासाठी कोंडलेला. आबांना हे बोलून दाखवलं असतं तर त्यांनी पिळून माझी पेंड केली असती.

प्रार्थनेचं आबांचं गणित पक्कं होतं. डोकं झाकलेलं पाहिजे, हातात पुस्तक पाहिजे, भाषा हिब्रू पाहिजे आणि पुरे दहा पुरुष पाहिजेत. तासगावात आम्ही बापलेक धरून दोन. सांगलीचं एक कुटुंब मुंबईला गेलं ते गेलंच. त्यामुळं आबा स्वतः 'शेमा इस्राएल' म्हणायचे, पुस्तकातलं जेवढं येई तेवढं पुटपुटायचे आणि पुस्तक मिटताना दर वेळी म्हणायचे, "ही काय खरी प्रार्थना नाही. दहा जण नाहीत." लहानपणापासून ते ऐकून माझा समज झाला होता, की देव दहाच्या खाली कुणाचं ऐकतच नाही. टांगेवाले नाही का, टांगा भरल्याशिवाय हाकत नाहीत.

माझ्याकडून निदान पुस्तक तरी वाचून व्हावं म्हणून त्यांनी मला सहा महिने साताऱ्याला मोशेमामाकडं ठेवलं. मामा कचेरीत कारकून, किल्ल्याच्या पायथ्याला त्याची दोन खोल्यांची जागा. माणूस वाईट नव्हता, पण शिकवायला बसला की त्याच्या हातात रेघा मारायची लाकडी आखणी यायची. ती अक्षरं उजवीकडनं चालतात. मला डावीकडनं चालणारीच चार वर्षांत धड आली नव्हती. "बेथ आणि काफमध्ये फरक काय?" मामा विचारायचा. मी म्हणायचो, "एकावर आखणी बसते, दुसऱ्यावर पण बसते." मामी आतनं हसायची आणि मामा आणखी एक ठेवून द्यायचा. एका सकाळी त्यानं माझ्या बोटांवर मारता मारता आखणीच मोडली. तो नवी शोधायला आत गेला, आणि मी चपला न घालता अजिंक्यताऱ्याच्या वाटेला लागलो.

त्या चढावर अर्ध्या वाटेत एक उघडी सोंड आहे. खाली सगळा सातारा, कौलं, धूर, कुठंतरी कुणीतरी भांडी घासतंय त्याचा आवाज वरपर्यंत. मी तिथं बसलो आणि रडायचं सोडून बोलायला लागलो. कुणाशी, ते बोलायला लागल्यावर कळलं. म्हणालो, "हे बघ, तुझी अक्षरं मला येत न्हाईत आन् येनार बी न्हाईत. दहा मानसं मी कुटनं आनू? माझ्याजवळ मराठी हाय, ती पन चौथी नापास. चालत आसंल तर बस, न्हाई तर जा उठून." उठून गेल्यासारखं काही वाटलं नाही. वारा होता तसाच राहिला. मग मी मामाबद्दल सांगितलं, आखणीबद्दल सांगितलं, बैलाच्या ढुंगणाबद्दल सांगितलं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा उठलो. पोट रिकामं होतं, बोटं सुजली होती, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा मला भूक चांगली लागली होती. मामानं मला दुसऱ्याच आठवड्यात परत पाठवलं. सोबत आबांना चिठ्ठी होती. त्यात काय लिहिलं होतं ते मला वाचता आलं, पण इथं सांगणार नाही.

परवा लेआच्या नातवाचा इस्रायलहून फोन आला. ती सगळी मंडळी केव्हाच तिकडं गेली. मी गेलो नाही, त्याची गोष्ट वेगळी आहे. मोडकीतोडकी मराठी बोलतो तो. म्हणाला, "आजोबा, इकडं लोक एकटे रानात जाऊन देवाशी आपल्या भाषेत बोलतात. एका जुन्या धर्मगुरूनं सांगून ठेवलंय. त्याला हिथबोदेदूत म्हणतात." मी ते नाव त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. मग म्हणालो, "त्याला सांग, तासगावच्या तेल्यानं विचारलंय, तुमाला हे कुनी शिकवलं?" पोरगं हसलं. मी थट्टा करत नव्हतो. मला कुणी शिकवलं नाही. नाव असतं हेच मला ऐंशीच्या घरात कळलं.

तासगावला परत आल्यावर मी जागा शोधली. गावाबाहेर ओढ्यापलीकडं माळ होता, कुसळं आणि तरवडाची झुडपं, मेंढरांखेरीज तिकडं कुणी फिरकायचं नाही. मध्यभागी कमरेएवढा एक काळा दगड, एका अंगानं पाठ टेकायला बरोबर बसेल असा उतरता. शनिवारी दुपारी जेवून आबा आडवे झाले, की मी मागच्या दारानं निसटायचो. पाठ दगडाला, तोंड ओढ्याकडं. कधी तासभर बोलायचो, मोठ्यानं, हातवारे करून. कधी काही सुचायचंच नाही. मग नुसतं "बापा, बापा" म्हणत बसायचो, आणि त्यातनंच एखादी गोष्ट वर यायची, जी मला स्वतःलाही ठाऊक नसायची. आपल्याला घाण्याचा राग नाही, आबांसारखं व्हायची भीती आहे, हे मला तिथं असंच एकदा स्वतःच्या तोंडून ऐकू आलं. मी दचकून मागं बघितलं होतं, दुसरं कुणी बोललं की काय म्हणून. त्या दोन घटका मी गोल फिरत नव्हतो, एवढं पक्कं.

असं वरीसभर चाललं. मग एका उन्हाळ्याच्या दुपारी मागं शेणी गोळा करायला आलेली जनाआक्का उभी राहिली. जनाआक्का आमच्या शेजारची. नवरा मेलेला, दोन एकर कोरडवाहू, आणि एकुलता एक आनंदा फौजेत. आनंदा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. लहानपणी आमच्या घाण्यावर येऊन मूठ मूठ शेंगदाणे खायचा आणि आबांनी हटकलं की "वजन वाढवतोय, काका, फळीवर बसायला" म्हणायचा.

"कुनाशी बोलतोस रं दान्या?" तिनं विचारलं.

माझं नाव दानियल. गावानं त्याचं दान्या केलं. मी म्हणालो, "देवाशी."

तिनं हसावं अशी माझी अपेक्षा होती. ती पाटी खाली ठेवून बसली. "त्यो ऐकतो व्हय तुजं?"

"ऐकत आसंल. उठून तरी जात न्हाई."

"मग माजं येक सांगशील? आनंदाचं तीन म्हैनं झालं पत्र न्हाई."

मी तिच्यासमोरच सांगितलं. चार वाक्यं. आनंदा कुठं आहे तुला ठाऊक आहे, त्याला म्हणावं आईला दोन ओळी लिही. तिनं हात जोडले. कुणाकडं तोंड करून जोडले, ते मी बघायला पाहिजे होतं. तिथंच चुकलं. मी तिला म्हणायला पाहिजे होतं, आक्का, दगडाकडं नको बघू, तो मी पाठ टेकायला घेतलाय. पण मला कोण आनंद झाला होता, की माझं बोलणं कुणाला तरी खरं वाटलं. मी गप्प राहिलो.

पाचव्या दिवशी पत्र आलं. पोस्टमननं आळीत मोठ्यानं वाचलं, आनंदाला बढती मिळाली होती, कामात लिहायला सवड झाली नव्हती. पुढच्या शनिवारी मी माळावर गेलो, तर माझा दगड तांबडालाल. शेंदूर, त्यावर तेल, समोर नारळाची दोन भकलं आणि विझलेली उदबत्ती. तेलाचा वास आमच्याच घाण्याचा होता, मला अंधारात पण ओळखता आला असता. पाठ टेकायला जागाच राहिली नव्हती. टेकली असती तर सदऱ्यावर शेंदूर घेऊन घरी गेलो असतो.

त्यानंतर महिन्याभरात माझ्या हातात काही राहिलं नाही. शनवार तेल्याच्या पोराला माळावर देव भेटतो, शनिवारीच भेटतो, म्हणून तर ते त्या दिवशी घाणा बंद ठेवतात: सगळं कसं बेमालूम जुळलं. लोक शनिवारी सकाळी तेलाची बुधली घेऊन आमच्या दारात उभे राहायला लागले. तेल दगडावर घालायचं तर ते त्याच घरचं पाहिजे ना. आबा आतनं ओरडायचे, "आज शनिवार! उद्या या!" बाहेरनं उत्तर यायचं, "आवं, शनवार हाय म्हनूनच तर आलोय की!" आबांना काही केल्या उलगडा होईना. शेवटी एकानं सांगितलं, "काका, भाग्यवान हायसा. तुमच्या पोरामुळं गावाला देव मिळाला."

आबा एकटे माळावर जाऊन बघून आले. आल्यावर अंगावर दोन घागरी पाणी घेतलं आणि ओल्या धोतरानं ओसरीवर बसून राहिले. आईनं ताट वाढलं, ते तसंच निवलं. बऱ्याच वेळानं त्यांनी मला हाक मारली.

"त्या दगडाला काय म्हणत होतास?"

"दगडाला कशाला म्हनू? दगड पाठ टेकायला हुता."

"मग कुणाशी बोलत होतास?"

"तुमी पुस्तकातनं ज्याच्याशी बोलताय त्याच्याशीच."

त्यांनी हात उगारला आणि परत खाली घेतला. मारलं असतं तर बरं झालं असतं. "आपण या गावात चार पिढ्या आहोत," ते म्हणाले, "सगळ्यांच्या देवाला तेल दिलं, कुणाच्या देवाला नावं ठेवली नाहीत, आणि आपल्यात मूर्ती कधी आणली नाही. एवढंच जवळ होतं. आणि माझ्या घरातनं गावाला दगडाचा देव निघाला. उद्या चावडीवर जा आणि सांग, तो दगड आहे."

"न्हाई सांगनार."

"का?"

का, ते मला नीट सांगता आलं नाही. जनाआक्का रोज सकाळी उठून त्या दगडाकडं तोंड करून आनंदाचं नाव घ्यायची. तो नुसता दगड आहे म्हणायचं, म्हणजे तिच्या हातातनं पोराचं बोट सोडवायचं. हे झालं एक. दुसरं असं, की आबांनी 'सांग' म्हटलं होतं, आणि मला 'सांग' म्हटलेलं कधीच जमलं नाही, आजही जमत नाही. आबा म्हणाले, "मग सांगेपर्यंत शनिवारी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही." मागच्या दाराला त्यांनी कडी बसवून घेतली. कडी आतनंच होती, मी कधीही काढू शकलो असतो. काढली नाही. तेही बघत होते, मीही बघत होतो. आई दोघांकडं बघायची आणि म्हणायची, "एका घाण्याला दोन बैल जुंपलेत देवानं, आणि तोंडं दोन दिशांना."

उन्हाळा गेला, पाऊस गेला. मी बोललो नाही. ना चावडीवर, ना देवाशी. घरात बोलायला जायचो तर शब्द टाळूला चिकटायचे. भिंतीच्या पलीकडं आबांचा खोकला, चुलीपाशी आईच्या बांगड्या. चार भिंतींत आपलं बोलणं आपल्याच तोंडावर आपटतं. छातीत सगळं साचत चाललं, आणि घाणा फिरत राहिला. तशात सरहद्दीवर लढाई पेटली. आनंदाची पलटण तिकडंच. वाण्याच्या दुकानातल्या रेडिओभोवती माणसं जमायची, जनाआक्का जरा लांब उभी राहून ऐकायची आणि तिथनं तडक माळावर जायची. लढाई थांबली, आळीतल्या दुसऱ्या दोन पोरांची पत्रं आली. आनंदाचं आलं नाही.

आमच्यात वर्षाच्या सुरुवातीला, नव्याचा सण झाला की दहाव्या दिवशी दारफाळणीचा सण येतो. गव्हाच्या चिकाचा हलवा खाऊन नवं वर्ष गोड करायचं आणि मग दहाव्या दिवशी दारं लावून घ्यायची. आदल्या संध्याकाळी आधी ऊन पाण्यानं, मग गार पाण्यानं अंघोळ, पांढरे कपडे, सूर्य असेतोवर जेवण, आणि दार बंद. दुसऱ्या दिवशी चांदण्या निघेपर्यंत पाण्याचा थेंब नाही, परक्याशी बोलणं नाही, दार उघडणं नाही. वर्षभराच्या चुका घेऊन देवासमोर बसायचं. आमचं घर बंद दिसलं की आळीतली माणसं आपणहून आवाज खाली करून जायची, त्यांना कारण ठाऊक नव्हतं तरी.

त्या दिवशी दुपार कलली होती. आबा पुस्तक घेऊन बसले होते, आई आणि लेआ भिंतीला टेकून. माझे ओठ सुकले होते. एवढ्यात दारावर थाप पडली.

"दान्या! आरं दान्या!"

जनाआक्का. आबांनी मान हलवली, नाही.

"दान्या, तार आलीया. आनंदाचा पत्त्या लागंना म्हनं. मी माळावर जाऊन आले. तेल घाटलं, नारळ फोडला. त्यो बोलंना रं माज्याशी. तू चल. तुज्याशी बोलतो त्यो."

आम्ही चौघं हललो नाही. आई पदर तोंडात धरून बसली होती. बाहेर जनाआक्का उंबऱ्यावर बसल्याचा आवाज आला. तिची पाठ दाराला टेकली आणि फळ्या करकरल्या. "ठाव हाय मला, तुमी आज दार उघडत न्हाई," ती म्हणाली. "उघडू नगा. नुसतं सांगा, दान्या आत हाय का?"

मी उठलो. आबांकडं बघितलं नाही. दारापाशी गेलो. "हाय आक्का."

तिनं विचारलं, "तू हितं आत हायस, मग तिथं कोन हाय?"

अख्खा उन्हाळा आणि पावसाळा मी त्याचं उत्तर दाताखाली धरून ठेवलं होतं. यापेक्षा चावडीवर सांगणं सोपं होतं म्हणायचं. मी म्हणालो, "तिथं दगड हाय, आक्का. पैल्यापासनं दगडच हुता. मी पाठ टेकायचो. तुला त्याच दिवशी सांगाय पायजे हुतं. सांगितलं न्हाई. माजं चुकलं."

मला वाटलं ती उठून जाईल. गेली असती तर मी पुन्हा आयुष्यात तोंड उघडलं नसतं, देवापुढं तर नाहीच. मग तिचा आवाज आला, आधीपेक्षा खालनं, दाराच्या फटीपाशी तोंड नेल्यासारखा.

"मंग हितनं बोल की. ऐकू जातंय का बग त्याला."

मी दाराकडं तोंड करून बसलो. मागं आबा होते, त्यांचं पुस्तक होतं, आणि घरात एकूण दोन पुरुष. चौकटीवर मेजुजा. मी म्हणालो, "बापा, मी दान्या. लय दिस बोललो न्हाई, राग धरू नगंस. आज दार लावलंय, म्हनून हितनंच बोलतो. जनाआक्काचा आनंदा कुटं हाय त्ये तुला ठाव हाय, आमाला न्हाई. त्याला भूक लय लागती, त्याला उपाशी ठिऊ नगं. त्याला घरी लाव. मोडलेला आसला तरी लाव, आमी करू त्याचं. दगडाचं जे झालं त्यात तिचं काय चुकलं न्हाई, तिला कुनी सांगितलंच न्हाई. चुकलं त्ये माजं. आबांचं बी न्हाई. माज्या पदरात घाल आन् तिचं पोरगं तिच्या."

आणखीही बोललो. काय ते आता आठवत नाही. आवाज फुटला तेव्हा थांबलो. घरात सगळं चिडीचूप. मागनं चटई सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं आबा उठले, आता दोन ठेवून देणार. दारफाळणीच्या दिवशी, परक्या बाईशी, दाराआडून, असल्या मराठीत.

"आमेन," आबा म्हणाले.

पुटपुटले नाहीत. बाहेर ऐकू जावं असं, खणखणीत म्हणाले. आमच्यात आमेन म्हणजे अंगठा उठवणं: याचं बोलणं ते माझं बोलणं. मग आई म्हणाली आमेन. मग लेआ. आणि दारापलीकडनं जनाआक्का म्हणाली, "तुमी काय म्हनलासा त्ये मी बी म्हनते."

दुसऱ्या दिवशी शिळा सण, दारफाळणी सुटल्यानंतरचा मोकळा दिवस. आबांनी पहाटेच पुढचं दार उघडलं, मग मागं जाऊन कडीचे खिळे पक्कडीनं उपटून काढले. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. घाण्याला बैल जुंपला आणि मला म्हणाले, "बस."

आनंदा दिवाळीच्या तोंडावर आला. कुठल्या तरी इस्पितळात पडला होता, शुद्ध नव्हती, नावाचा घोळ झाला होता. डावा पाय कायमचा आखडला. गावानं त्याला एस्टी स्टँडवरनं हलगी लावून नेलं, ते तडक माळावर. दगडाला नवा शेंदूर, अकरा नारळ. जनाआक्का त्या गर्दीत नव्हती. पुढं तिनं चार जणींना सांगून बघितलं, की तिथं दगड आहे, दान्यानंच सांगितलंय. त्या म्हणाल्या, "काम झालं, आता देव इसरलीस व्हय गं?" मीही मग चावडीवर जाऊन सांगितलं, आबांनी पुन्हा म्हटलं नसताना, आपणहून. लोक हसले. एक जण म्हणाला, "देव ज्याला भेटतो त्यो आसंच म्हनतो." जे मागितलं ते मिळालं, आणि त्यामुळंच माझ्या शब्दाला किंमत राहिली नाही. पुढच्या उन्हाळ्यात दगडावर पत्र्याची शेड चढली, पुढं घंटा आली. मी पुन्हा माळावर गेलो नाही. दुसरा माळ शोधायचा धीर झाला नाही. न जाणो, तिथंही एखादा दगड असायचा.

जनाआक्का मात्र शनिवारी चांदण्या निघायच्या आधी आमच्या उंबऱ्यावर येऊन बसायची, बाहेरच्या अंगाला. मी आतल्या अंगाला बसून बोलायचो. आबा मागं पुस्तक घेऊन. दहा माणसं कधी झाली नाहीत, आणि आबांनीही ती परत मोजली नाहीत.

आता मी सांगलीत विश्रामबागला मुलाकडं असतो, तिसऱ्या मजल्यावर. गुडघे गेले. खिडक्यांना जाळ्या, खाली गेट, गेटवर वॉचमन. लेआच्या नातवानं फोनवर विचारलं, "मग आजोबा, तुम्ही बोलायला कुठं जाता?" म्हटलं, कुठं जात नाही, दार लावून घेतो. सुनेला वाटतं मी फोनवर असतो. भिंतीला पाठ टेकतो आणि सांगायचं ते सांगतो, त्याच चौथी नापास मराठीत. बोलून झालं तरी लगेच उठत नाही. आबांचं आमेन यायला जेवढा वेळ लागला होता, तेवढा थांबतो.